भागंल की

नोकरीच्या सतराव्या वर्षी माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बेसवर झाली. बेसचं नाव लिहीत नाही. उंची साडेबारा हजार फूट. बेसच्या वर पाच चौक्या होत्या आणि सगळ्यात वरची सतरा हजारांच्याही पुढे. मी हवालदार, ट्रेड इलेक्ट्रिशियन. पाचही चौक्यांची वीज माझ्या अंगावर. सोलरची पॅनलं, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, चार्जर आणि प्रत्येक चौकीला एक डिझेल जनरेटर. तिथं तारेची वीज पोचत नाही. जी लागेल ती आपणच तयार करायची, आपणच साठवायची आणि पुरवून वापरायची.

आता मी सोलापुरात राहतो. निवृत्त झालो तो हवालदार म्हणूनच, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’ असतो, तसा मीही आहे. जिथं लाईट पोचली नाही अशा वस्त्यांवर सोलर आणि बॅटऱ्या बसवून देतो. मेजर माणूस चांगला, पण तोंडाचा फाटका, अशी माझी ख्याती आहे. ख्याती खरी आहे. ती कशामुळे झाली ते लिहितो.

बेसवरचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. पावणेसहाला चहा. सहाला मी सिग्नलच्या बंकरमध्ये जायचो. तिथं ऑपरेटर रेडिओ सेट उघडून बसलेला असायचा. चौक्या एकेक करून रिपोर्ट द्यायच्या. व्होल्टेज किती, डिझेल किती लिटर, पॅनलवर बर्फ आहे की साफ. ऑपरेटर लिहून घ्यायचा. सगळं हिंदीत. मोजके शब्द, आणि आलेला निरोप परत वाचून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यात चूक राहात नाही. हा नियम आम्हाला रंगरूट असताना शिकवतात. कवायतीसारखा तो अंगात भिनवतात.

सगळ्यात वरच्या चौकीचा रिपोर्ट सव्वासहाला यायचा. तो द्यायचा नाईक बिरू लवटे. सांगोल्याच्या पुढचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. चौकीवर आठ माणसं, त्यात जनरेटर आणि बॅटऱ्यांची माहिती असलेला तो एकटा. मी होटगीकडचा, वडील रेल्वेत गँगमन. दोघांच्या गावांत बरंच अंतर, पण त्या बर्फात सोलापूर जिल्हा म्हणजे एकच गल्ली. बिरू मला आण्णा म्हणायचा. रिपोर्ट संपला की शेवटचं एक मिनिट आम्ही मराठीत बोलायचो.

“आण्णा, ज्येवला का?”

“सकाळी सहाला कसलं जेवण रे?”

“मंग च्या तरी पिला की न्हाय?”

हे नियमात बसत नव्हतं. मला ठाऊक होतं, ऑपरेटरला ठाऊक होतं, बेसचे प्रमुख असलेल्या मेजरसाहेबांनाही ठाऊक असणार. कोणी बोललं नाही. ऑपरेटर बिहारचा होता. आमचं मराठी सुरू झालं की तो पेन खाली ठेवायचा आणि वहीत एकच ओळ लिहायचा, ‘मराठी में बात हुई’.

बिरूनं त्या चौकीवर एक काम असं केलं होतं, की ते मी नंतर बाकीच्या चार चौक्यांना सांगितलं. बॅटरी थंडीत मरते. तिची ताकद गारठ्यानं निम्मी होते. बिरूनं सुट्टीवरून येताना वडिलांचं जुनं घोंगडं आणलं होतं. ते त्यानं स्वतः पांघरलं नाही. बॅटऱ्यांच्या पेटीला गुंडाळलं. मी विचारलं तर म्हणाला, “मेंढराला थंडी वाजत न्हाय, का? लोकर हाय म्हनून. बॅटरीला बी लोकर घातली.” पेटीतल्या थर्मामीटरचा काटा पूर्वीपेक्षा आठ अंश वर राहिला. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं.

आता मॅन्युअलचं सांगतो, कारण माझा राग तिथून सुरू होतो.

चौकीला किती बॅटऱ्या द्यायच्या हे खाली, पंखा लावून बसलेल्या माणसांनी ठरवलं होतं. हिशोब सोपा होता. रोज किती वीज लागते ते लिहिलं, तीनानं गुणलं, म्हणजे तीन दिवस ऊन नसलं तरी चालेल. उत्तर आलं, चार बॅटऱ्यांची एक लाईन. वर मेहेरबानी म्हणून दुसरी लाईन जादा. पण बॅटरीवर जो आकडा छापलेला असतो तो उबदार खोलीतला असतो. त्यातली निम्मीच वीज काढायची असते, त्याखाली गेलात तर बॅटरी खराब होते. थंडीत त्या निम्म्याचीही निम्मी होते. म्हणजे डब्यावर शेर लिहिलेलं आणि आत पावशेर. कागदावरचे तीन दिवस वर गेल्यावर पाऊण दिवस होतात.

कोणी हे विचारलं की उत्तर तयार असायचं, जनरेटर आहेच ना बॅकअपला. जनरेटरचंही तेच. पाटीवर पाच केव्हीए. सतरा हजार फुटांवर इंजिनाला श्वास मिळत नाही, तिथं तो अडीचही देत नाही. आणि बॅटऱ्या रिकाम्या झाल्या की चार्जर एकट्यानं अडीच मागतो. म्हणजे ज्या दिवशी जनरेटरची खरी गरज, त्याच दिवशी तो चार्जरच्या ओझ्यानं गुडघे टेकणार. चार्जरला कमी-जास्त करायचं बटण असतं तर निभलं असतं. आम्हाला दिलेल्या चार्जरला दोनच गोष्टी यायच्या, चालू आणि बंद. मी दोनदा लिहून पाठवलं. उत्तर आलं की स्केलप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या मापाप्रमाणे, पुरवठा पुरेसा आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या महिन्यात मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवर दुधाचा कूलर बसवायला गेलो. मालक चांगला माणूस. मी आठ बॅटऱ्या सांगितल्या तर म्हणतो, “मेजर, चारच बसवा की. जनरेटर हाय नव्हं. कशाला उगं?” मी त्याला विचारलं, तुमचा जनरेटर किती वेळ न थांबता चालला आहे? त्याचं तेल कधी बदललं? तो बंद पडला तर तो दुरुस्त होईपर्यंत दूध कोण सांभाळणार? तो हसला. “अंथरून बघून पाय पसरावं मानसानं,” म्हणाला. मी पक्कड फेकली आणि त्याच्या दारात ओरडलो. ही म्हण संसाराला ठीक आहे. बॅटरीला ती उलटी लागते. आधी पाय मोजायचे, थंडीत, अडचणीच्या दिवशी, आणि मग अंथरूण घ्यायचं. नाहीतर घेऊच नये. त्याची बायको आतून बघायला आली. मी पक्कड उचलली, माफी मागितली आणि आठ बॅटऱ्या बसवून आलो.

बॅटरी आणि जनरेटर ही बैलजोडी आहे. एक बसला तर दुसऱ्यानं गाडी नुसती उभी धरायची असते, बसलेला उठेपर्यंत. तेवढा वेळ मोजायचा. एवढंच शास्त्र आहे आणि ते शिकायची मी जी किंमत दिली ती माझी नव्हती.

आता त्या सोमवारचं.

सकाळी सव्वासहा. वरच्या चौकीचा रिपोर्ट. व्होल्टेज पन्नास पॉइंट दोन, डिझेल एकशे दहा लिटर, पॅनल साफ. ऑपरेटरनं परत वाचलं. बिरू म्हणाला, “रॉजर.” मग मराठी. सेटवर त्या दिवशी खरखर जास्त होती.

“आण्णा, दुसऱ्या लायनीतल्या दोन बॅटऱ्या फुगल्यात. ती लाईन सोडवून ठिवली.”

“बरं.”

“ऱ्हायलेल्या एका लायनीवर भागंल की.”

“बरं, बरं. जप.”

“व्हय आण्णा. ओव्हर.”

इथं मला आमच्या बोलीचं एक सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला यात काय घडलं ते कळणार नाही. आमच्याकडे वाटेत कोणी भेटलं की विचारतो, “बरं हाय की?” समोरचा उत्तर देतो, “बरं हाय की.” शब्द तेच, त्याच क्रमानं. विचारणारा शेवटचा ‘की’ जरा वर उचलतो, सांगणारा खाली ठेवतो. प्रश्न आणि उत्तर यांत फरक तेवढाच. सोलापूरच्या स्टँडवर उभं राहून ऐका, कोणाची कधी गफलत होत नाही. पण रेडिओवरून सूर येत नाही. शब्द येतात आणि खरखर येते.

बिरूनं विचारलं होतं. मी ऐकलं की तो सांगतोय.

मी म्हणालो ‘बरं’, आणि त्यानं ऐकलं की भागेल. दोघंही निश्चिंत झालो. हिंदीत बोललो असतो तर हे झालं नसतं. परत वाचून दाखवलं असतं तरी झालं नसतं. व्होल्टेजवरूनही मला काही कळलं नाही, कारण एक लाईन काढली तरी व्होल्टेज तेवढंच दिसतं. हौदात पाणी कमी झालं तरी नळाला धार येते, तसं. हे मला माहीत होतं. माझा ट्रेडच तो. तरी मी एक शब्द परत विचारला नाही. चहा गार होत होता.

मंगळवारी सकाळी हवा उघडली. सात चाळीसला हेलिकॉप्टर वरच्या चौकीकडे जाणार होतं. साठ किलोची जागा शिल्लक. मेजरसाहेबांनी मला विचारलं, काय पाठवायचं? माझ्या स्टोअरमध्ये चार नव्या बॅटऱ्या होत्या. एकीचं वजन तीस किलो. दोन बॅटऱ्या बरोबर बसल्या असत्या. दोन बॅटऱ्या गेल्या असत्या तर बिरूनं दुपारपर्यंत दुसरी लाईन उभी केली असती.

मी डिझेल पाठवलं. बॅटरीचं तर भागतंय असं बिरू म्हणाला आहे, जनरेटरला डिझेल जादा असलेलं बरं, असा मी विचार केला. तो विचार करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

बुधवारी हवा बंद झाली. बर्फ आणि वारा. गुरुवारीही तेच. पॅनलं बर्फाखाली गेली, साफ केली की तासात पुन्हा झाकायची. वरची चौकी रोज दोन तास जनरेटर चालवत होती. व्होल्टेज उतरत होतं. मी बिरूला म्हणालो, दोन लायनींना एवढं उतरायला नको. तो म्हणाला, “आण्णा, एकच हाय. सोमवारी बोललो की तुमाला.” तो खोकत होता. तेव्हा मला सोमवारचा तो ‘की’ उमगला. पण तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. हेलिकॉप्टर उडत नव्हतं आणि पायवाट हिमस्खलनामुळे बंद.

शुक्रवारी सकाळी सव्वासहाचा रिपोर्ट बिरूनं दिला नाही. चौकीचे सुभेदार नेगीसाहेब बोलले. नेगीसाहेब गढवालचे, पहाडी माणूस, शांत.

“माने, बिरू को साँस की तकलीफ़ है. फेफड़ों में पानी लगता है. ओव्हर.”

उंचीवर होतो तो आजार. छातीत पाणी भरतं. औषध दोनच, खाली आणणं किंवा ऑक्सिजन. बेसवरच्या डॉक्टरसाहेबांनी सेटवरून गोळ्या आणि इंजेक्शन सांगितलं. चौकीवर ऑक्सिजनचे दोन सिलिंडर होते. ते शनिवारी सकाळी सहापर्यंत पुरले. त्यानंतर ऑक्सिजनचं मशीन, जे हवेतून ऑक्सिजन काढतं. ते विजेवर चालतं. साडेतीनशे वॅट. तुमच्या घरच्या मिक्सरपेक्षाही कमी.

शनिवारी पहाटेपासून मी बंकरमध्ये होतो. मेजरसाहेब मागे उभे. हवामानवाले म्हणत होते, अकराच्या सुमारास तास-दोन तास उघडेल. म्हणजे सहा ते अकरा. पाच तास. पाच तास साडेतीनशे वॅट. मी वहीवर लिहिलं. ठणठणीत दोन लायनी असत्या तर जनरेटर न लावताही निभलं असतं.

सहापासून मशीन बॅटरीवर होतं; सहा तीसला जनरेटर सुरू केला. चार्जरनं बॅटऱ्या रिकाम्या बघून सगळा भार एकदम खेचला. जनरेटर बसला. परत सुरू केला, परत बसला. तिसऱ्यांदाही.

“माने, क्या करूँ?”

“साहेब, चार्जर बंद. सिर्फ़ मशीन जनरेटर पर. ओव्हर.”

“चार्जर बंद. मशीन जनरेटर पर. रॉजर.”

सात दहा. जनरेटर धरून राहिला. मशीन चालू. पण चार्जर बंद म्हणजे बॅटरीत थेंबभरही वीज भरली जात नव्हती. हे मला कळत होतं. दुसरा मार्ग नव्हता. आठ वाजता नेगीसाहेब म्हणाले, बिरू बोलतोय, रंग जरा सुधारला आहे. मग म्हणाले, “ठंड बहुत है. बॅटरी वाला कंबल निकालकर बिरू को ओढ़ा दिया. ठीक किया ना?”

बॅटऱ्या आता उघड्या पडल्या होत्या.

“ठीक किया साहेब,” मी म्हणालो. माझ्या तोंडून दुसरं काही निघणं शक्य नव्हतं.

दहा वाजून चार मिनिटांनी जनरेटर थांबला. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाण्याचा अंश असतो, तो गोठला आणि नळी बंद झाली. यात नवल काही नाही. थंडीत हे होतंच. फिल्टर काढायचा, स्टोव्हजवळ धरायचा, लावायचा, नळीतली हवा काढायची, सुरू करायचं. बिरूला पंधरा मिनिटं लागायची. नेगीसाहेबांनी ते आयुष्यात केलं नव्हतं. मी सेटवरून एकेक नट सांगत होतो. ते हातमोजे काढून करत होते. उणे बावीसमध्ये उघड्या बोटांनी लोखंड धरलं की कातडी चिकटते. ते एकदाही ओरडले नाहीत.

मशीन तेवढ्या वेळात बॅटरीवर होतं. त्या एका लायनीवर.

दहा एकवीसला इन्व्हर्टर ट्रिप झाला, मशीन बंद पडलं. सतरा मिनिटं. एवढंच भागलं.

दहा सव्वीसला नेगीसाहेब म्हणाले, “फिल्टर लग गया. हवा निकाल रहा हूँ.” दहा एकतीसला म्हणाले, “बिरू पूछ रहा है, आण्णा है क्या सेट पर?”

मी म्हणालो, “है. बोलो, आण्णा यहीं है.”

ते त्याच्याशी बोलले असणार. दहा पस्तीसला सेटवर आले.

“माने. बिरू नहीं रहा.”

मेजरसाहेबांनी टोपी काढली. ऑपरेटर वेळ लिहीत होता. दहा शेहेचाळीसला जनरेटर सुरू झाला, कारण नेगीसाहेब त्यानंतरही काम करत राहिले होते. अकरा तीसला हेलिकॉप्टर वर उतरलं. बॅटऱ्यांच्या खोलीच्या दाराशी मी पाठवलेलं डिझेल होतं. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

चौकशी बसली. फौजेत माणूस गेला की चौकशी बसते आणि ते बरोबर आहे. पहिल्या दिवशी मला विचारलं, वरच्या चौकीनं बॅटऱ्या कमी झाल्याचं कळवलं होतं का? मी वहीकडे बघितलं. वहीत सोमवारी व्होल्टेज होतं, डिझेल होतं, आणि खाली ‘मराठी में बात हुई’. मी म्हणालो, वहीत तशी नोंद नाही, साहेब.

खोटं बोललो नाही. फौजेतला जुना माणूस असंच बोलतो, खोटं न बोलता. मला माझ्या आवाजाची किळस आली, पण मी खुर्चीतून उठून बाहेर आलो. डोक्यात काय होतं ते सांगतो, कारण हे लिहायला बसलो आहे तर झाकून काय उपयोग? त्या मराठीच्या ओळीबद्दल कोणी विचारलं नव्हतं; तो विषय निघाला असता तर शिस्तभंग. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. एवढंच होतं डोक्यात. एका हवालदाराच्या बाहीवरच्या पट्ट्या.

तीन दिवस मी गप्प बसलो. चौथ्या दिवशी मेजरसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बिरूनं कळवलं होतं. भागेल का, असं विचारलं होतं. मी चुकीचं ऐकलं.

“अब बोल रहे हो?” मेजरसाहेब म्हणाले. कागद वर गेला होता. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि मागून पाठवलं. त्यांनी नेगीसाहेबांनाही विचारलं. नेगीसाहेब म्हणाले, बिरू सोमवारी आण्णांशी बोलला हे खरं, मी शेजारी होतो, पण काय बोलला ते कळलं नाही, मराठी होतं. वरातीमागून निघालेलं माझं घोडं कुठंतरी एका टेबलावर अडकलं. अखेरच्या कागदात प्रतिकूल हवामान आलं, उंचीवरचा आजार आला, आणि एक ओळ आली, ‘चौकीवरील संबंधित एनसीओने कमतरता कळवली नाही’. संबंधित एनसीओ म्हणजे बिरू. ज्याला उत्तर देता येत नव्हतं त्याच्या माथी दोष गेला. बॅटऱ्यांचं स्केल, तो चालू-बंद चार्जर, सतरा हजार फुटांवर पाच केव्हीएची पाटी, यांपैकी एका शब्दाचाही त्या कागदात उल्लेख नव्हता. मला एक ताकीद मिळाली, रेडिओची शिस्त न पाळल्याबद्दल. वेगळ्या कागदावर.

दोन महिन्यांनी सुट्टी मिळाली. सोलापूरला उतरलो तो घरी न जाता तसाच सांगोल्याची एसटी धरली. बिरूचं घर माळावर, वस्तीवजा. वडील मेंढरं घेऊन लांब गेलेले. दारात बिरूची बायको कमल होती. तिनं मला नावावरून ओळखलं. पाण्याचा तांब्या दिला. मी खाली बसलो.

तिच्याकडे त्या कागदाची प्रत आली होती. तिच्या भावानं वाचून अर्थ सांगितला होता.

“भावजी,” ती म्हणाली, “ह्यांनी कळिवलंच न्हाय असं लिवलंय. खरं हाय का?”

“खोटं आहे, वहिनी.”

“मंग?”

“त्यानं विचारलं होतं. एवढ्यात भागेल का म्हणून. मला वाटलं तो भागेल असं सांगतोय. मी नीट ऐकलं नाही.”

तिनं आवाज चढवला नाही.

“न्हाय कळलं तर पुन्यांदा ईचारायचं हुतं.”

“हो.”

“आन हे तितं सायबास्नी सांगितलं न्हाईसा?”

“सांगितलं. तीन दिवस उशिरा.”

“तीन दिस,” ती म्हणाली.

ती उठून आत गेली. पातेल्याचा आवाज आला नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. मी अर्धा तास तिथं बसलो, मग तांब्या उंबऱ्याजवळ ठेवला आणि स्टँडवर चालत आलो. तिनं केलं ते योग्यच होतं. मी तिच्या जागी असतो तर पाणीसुद्धा दिलं नसतं.

तेव्हापासून मी ती एक ओळ बदलावी म्हणून अर्ज करतो. नोकरीत होतो तेव्हा वरिष्ठांमार्फत केले, आता रजिस्टर पोस्टानं करतो. सोबत माझं लेखी म्हणणं जोडतो, सहीनिशी. माझ्यावर जी काय कारवाई करायची ती करा, पण ती ओळ काढा, असं स्पष्ट लिहितो. उत्तरं येतात. प्रकरण निकाली निघालेलं आहे. नोंदवहीत आधार आढळत नाही. मृताच्या कुटुंबाला सर्व सन्मान देण्यात आलेले आहेत. सन्मानाची तक्रार कोणी केली आहे? तिरंग्यात गुंडाळून आणलेला माणूस आणि त्याच्या फाईलीत कामचुकार लिहिलेला माणूस एकच आहे, हे एकालाही लाजिरवाणं वाटत नाही. उत्तर वाचलं की मी घरात एकटाच ओरडतो. या वयात हे बरं नव्हे, असं माझी बायको म्हणते. ती उत्तरं मी फाडत नाही.

वहीत नाही म्हणतात, तर इथं लिहून ठेवतो.

नाईक बिरू लवटे, वय एकतीस, ट्रेड जनरेटर मेकॅनिक, तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर. सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता चौकीवरून त्यानं दोन बॅटऱ्या खराब झाल्याचं कळवलं. उरलेल्या लायनीवर निभेल का, असं त्यानं विचारलं. बेसवर ते हवालदार माने यानं ऐकलं. उत्तर चुकीचं दिलं.